अक्रोडाचं दूध

तळहाताएवढा करडा दगड, एका कडेला धार, दुसऱ्या टोकाशी दोन खाचा – दांडा बांधण्यासाठी कुणीतरी मुद्दाम पाडलेल्या... कातालिनानं कुदळ बाजूला टाकली, थुंकीनं अंगठा ओला केला आणि माती पुसली. खाचांजवळ दगड गुळगुळीत झाला होता, तिच्या कुदळीचा दांडा झाला होता तसाच. सहा वर्षं ती हे रान खणत होती. आज उगाच वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय आणि घरची बाई नुकतीच पाण्याला गेलीय.

छे! रान आपलं आहे. कागद आहे. डच व्यापारी कंपनीची मोहोर असलेला, डच भाषेतला, तिला वाचता न येणारा कागद. तिच्या नवऱ्यानं, माटेयूनं, तो तुळईच्या फटीत जपून ठेवला होता. आफ्रिकेतल्या लुआंडाच्या किनाऱ्यावरून जहाजात कोंबून आणलेली बाई, बारा वर्षं कंपनीची गुलाम, आणि आता मॅनहॅटनच्या बेटावर स्वतःचा मका लावतेय – याचे आभार मानायचे नाहीत तर कशाचे? ती मानायची. उठल्यापासून मानायची. छपराचे, डुकरांचे, नवऱ्याच्या पाठीवर हल्ली नवा वळ नसतो त्याचे. माटेयू चिडवायचा, "कुंपणाचे मानलेस का गं? बिचारं कधीचं ताटकळतंय."

कागदात एक ओळ होती. नवराबायको मोकळी, मुलं कंपनीची – झालेली आणि पुढे होणारीही. सहा वर्षं त्या ओळीकडे ती बघत नव्हती, दारात झोपलेल्या कुत्र्याला ओलांडून जावं तशी ओलांडून जात होती. गेल्या आठवड्यात मात्र कंपनीच्या किल्ल्यातला कारकून कुंपणाशी थांबला, तिच्या बारा वर्षांच्या लेकीकडे, सुसानाकडे, बघून हसला. "पोरगी वाढली की! पानगळ सुरू झाली की पाठवा किल्ल्यात, स्वयंपाकघरात हात कमी आहेत." आणि ती – ती काय म्हणाली? "आभारी आहे, साहेब." जीभ आपोआप वळली. तो गेल्यावर ती डुकरांच्या वाड्यामागे जाऊन ओकली... माटेयूला तिनं अजून सांगितलं नव्हतं.

"दगडाशी काय बोलतेस?"

चूलेन्स ओढ्याच्या बाजूनं आली होती, पाठीवर धुरी दिलेल्या मासळीची करंडी. इथल्या मूळ लोकांतली ही बाई. चूलेन्स म्हणजे पाखरू. खरं नाव ती माणसं परक्याला सांगत नाहीत. दर वसंतात नदीला मासा चढला की ती यायची. अर्धी डच, अर्धी तिची बोली, उरलेलं हातांनी – असं दोघींचं बोलणं बारा वर्षं चाललं होतं.

बारा वर्षं... त्या हिवाळ्यात कातालिना तापानं फणफणली होती, दूध आटलं होतं, आणि दोन महिन्यांची सुसाना रडायचीही थांबली होती. किल्ल्याच्या दाराशी मका विकायला आलेल्या या अनोळखी बाईनं पोरीचं तोंड उघडून पाहिलं, निघून गेली, आणि संध्याकाळच्या आत परत आली. अक्रोड कुटले, पाण्यात कालवले, पांढरं दूध निघालं. त्यात मक्याचं बारीक पीठ शिजवलं आणि बोटानं थेंब थेंब पोरीच्या ओठांत सोडलं. चौथ्या दिवशी सुसाना रडली. किती कर्कश रडली! त्या वेळी आपण हसत होतो की रडत होतो, कातालिनाला अजून आठवत नव्हतं.

कातालिनानं दगड पुढे केला. चूलेन्सनं तो हातात घेतला, धारेवरून बोट फिरवलं.

"माझ्या मावशीचा असेल. तिची कुदळ नेहमी सुटायची. बांधायची कधी नीट नाही."

"तुझ्या मावशीचा? इथं?"

"मग कुठं? या ओकच्या झाडापासून त्या ओढ्यापर्यंत आमच्या बायकांचंच रान होतं."

कातालिना खाली बसली. तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? कंपनीच्या शिपायांनी एका हिवाळ्यात चूलेन्सच्या लोकांच्या झोपलेल्या वस्त्या कापून काढल्या, त्यानंतरच तर या जमिनी काळ्या माणसांना वाटल्या गेल्या – मूळ लोक चवताळून आलेच, तर आधी यांच्या अंगावर यावेत, गोऱ्यांच्या गावापर्यंत पोचू नयेत म्हणून. सगळं ठाऊक होतं. फक्त आजवर त्या रानाला कुणाची मावशी नव्हती.

"कधी बोलली नाहीस."

"बोलून? तुला जहाजात बसायचंय का, असं तुला कुणी विचारलं होतं?" चूलेन्सनं करंडी उतरवली. "एकच सांगते. ओकपलीकडे उंचवटा आहे ना, तिथं मातीखाली मावशी आहे. आणखीही आहेत. डुकरं तिकडे सोडू नकोस."

डुकरं रोज तिथेच चरत होती. "नाही सोडणार," कातालिना म्हणाली, आणि मग भसकन, "तू इथंच राहा ना. आमच्यात. जागा आहे."

चूलेन्स हसू लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. "माझ्याच रानात मी पाहुणी! माटेयू मला पंगतीला कुठं बसवेल, दाराशी की चुलीशी?" मग ती थांबली. "आम्ही वर जातोय. डोंगरात, नदीच्या उगमाकडे. पुन्हा नाही येणार. उद्या दुपारी होडी निघेल."

का सांगितलं, कोण जाणे. कारकून, स्वयंपाकघर, पानगळ – सगळं कातालिनाच्या तोंडून बाहेर पडलं, डचमध्ये, मग हातांनी, मग एरवी कधीच न बोलल्या जाणाऱ्या तिच्या आईच्या भाषेत. चूलेन्सनं सगळं ऐकलं. मासळीवरची माशी हाकलली.

"मग पोरीला माझ्याबरोबर दे. डोंगरात तुमच्या कंपनीचा कागद कोण वाचतंय?"

"आणि मला ती परत कधी दिसेल?"

"ते मला माहीत नाही. तुला खोटं सांगू का?"

नको. खोटं नको होतं. आभार मानायला कातालिनानं तोंड उघडलं, पण ती झिजलेली चार अक्षरं, कारकुनासमोर लोळलेली, या बाईपुढे ठेववेनात. तिनं चूलेन्सचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावून ठेवला. चूलेन्सनं तो काढून घेतला नाही.

"ओढ्याशी आहे मी," जाताना ती एवढंच म्हणाली.

दुपारी माटेयू लाकडं घेऊन आला. तिनं त्याला सगळं सांगितलं, तो उंबऱ्यावर बसला, हातात रुतलेली कुसळं काढत राहिला, आणि मग विचारलं, "थंडी फार असेल का गं तिकडे?" सुसाना मासा खात होती, काटे काढून रांगेनं मांडत होती, मध्येच गुणगुणत होती. तिला अजून काही ठाऊक नव्हतं. विचारायला तर तिलाच हवं होतं – हेही कातालिनाला आत्ताच सुचत होतं.

हो की नाही, तिला कळत नव्हतं. पण पोरीला नेतील, पोरीला नेतील, असं जे सहा वर्षं छातीत टोचत होतं, त्याच शब्दांत आज कुणीतरी पोरीसाठी हात पुढे करून उभं होतं. हात कुणाचा, हे तिला ठाऊक होतं. त्या विचारानं तिचा श्वास पहिल्यांदाच खोल, पार तळापर्यंत गेला. ती सुसानाजवळ जाऊन बसली आणि तिच्या पुढ्यातला एक काटा उचलून, रांगेत जरा सरळ ठेवू लागली.