रत्नप्रभा मॅडमचं पित्त

“यकृताच्या पाळ्यांमध्ये ही हिरवट पिशवी दिसतेय ना, ते बेडकाचं पित्ताशय.” रत्नप्रभा सावंतने प्लास्टिकचा उघडा बेडूक अकरावीच्या वर्गासमोर धरला. बोरिवलीच्या त्या कॉलेजात आता खरे बेडूक कापत नसत.

“म्हणजे मॅडम, बेडकाला पण अ‍ॅसिडिटी होते?” मागून नितेश ओरडला. वर्ग खिदळला.

“आम्ल जठरात असतं रे. पित्त यकृतात तयार होतं आणि इथे साठतं. बेडूक किडा अख्खा गिळतो. तो पचत पचत लहान आतड्यात उतरला की ही पिशवी आकसते. मग पित्त या नळीतून, स्वादुपिंडातून वाट काढत आतड्यात येतं आणि चरबी फोडतं. आता ही नळी तुंबली तर...”

पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघालंच नाही. उजव्या बरगडीखालून उठलेली कळ थेट खांद्यात गेली. बेडूक हातातून पडला आणि ती टेबल धरून खाली बसली.

नवरा न्यायला आला. “उपाशीपोटी चहा ढोसतेस, पित्त होणारच,” रिक्षात बसता बसता श्यामकांत म्हणाला. वर्षभर तो हेच म्हणत होता. फॅमिली डॉक्टरही तेच म्हणायचे आणि तेच गुलाबी औषध द्यायचे. एकदा तिने सोनोग्राफीचं विचारलं, तर डॉक्टर श्यामकांतकडे बघून हसले होते. “टीचर लोकांना सगळंच ठाऊक असतं.” श्यामकांतही हसला होता.

“घरी जाऊन गोळी घे आणि पड. मला सोसायटीची मीटिंग आहे.”

“भाऊ, रिक्षा हॉस्पिटलकडे घ्या,” तिने रिक्षावाल्याला सांगितलं.

“अगं, उगाच कशाला?”

“तुम्हाला मीटिंगला उतरायचं तर उतरा.”

तो उतरला नाही, पण घड्याळ बघत राहिला.

सोनोग्राफी करून डॉक्टर मृणालिनी खाटेपाशी आली. मुलीच्या वयाची होती. “पित्ताशयात खडे आहेत. एक नळीत अडकलाय. डोळे पिवळे झालेत यांचे. इतके दिवस काय करत होतात?”

“हिला पहिल्यापासून पित्ताचा त्रास,” श्यामकांत म्हणाला. “स्वभावच तापट ना!”

रत्नप्रभा खाटेवर उठून बसली. तिचा आवाज कॉरिडॉरभर गेला. “डॉक्टर, माझा स्वभाव नका बघू, माझी पिशवी बघा! वर्षभर सांगतेय, दुखतंय, दुखतंय. भिंतीला सांगितलं असतं तर तिला तरी पाझर फुटला असता. आणि तुम्ही बाहेर व्हा!”

नर्स थबकली. श्यामकांत बाहेर गेला.

तोंड धुताना आरशात तिने डोळे पाहिले आणि तिला दहिसरच्या चाळीतली आई, शेवंती, आठवली. तिला जेवल्यावर कळा यायच्या. बाबा म्हणायचे, पित्त झालंय, आमसुलाचं पाणी पी. शेवटी ती हळदीसारखी पिवळी पडली. पोरं घाबरतील म्हणून दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजायची. आई रागावलीय, असं घरातले म्हणायचे. ती तशीच गेली.

आणि आपण वर्षानुवर्षं वर्गात बेडकाचं पित्ताशय शिकवत राहिलो! रत्नप्रभाने नळ इतका जोरात बंद केला की त्याची चावी हातात आली.

आधी नळीतला खडा निघाला, मग दोन दिवसांनी पित्ताशय. डॉक्टरने बाटलीतले खडे श्यामकांतला दाखवले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

वॉर्डात येऊन तो खाटेपाशी घुटमळला. “रत्ना, दुखतंय का गं?”

वर्षभरात हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता. त्याने स्टूल ओढलं.

“बसू नका,” ती म्हणाली. “उभे राहून ऐका.”

आणि कळ कुठून उठायची, कुठवर जायची, कुठल्या रात्री तो शेजारी घोरत असताना ती उशी चावत पडली होती, ते सगळं ती सांगू लागली. आवाज न चढवता. स्टुलावर हात ठेवून तो उभा होता.