एलेउतेरियोची कमान

चिलीच्या किनाऱ्यावरच्या पुएर्तो साउसे गावात एलेउतेरियो कार्वाखालचं नाव निघालं की कुणीतरी हवेत हातानेच कमान काढायचं आणि बाकीचे हसायचे. तरुणपणी हा माणूस बोटीवरच्या हवेच्या पंपाची नळी तोंडात धरून तळाचे शिंपले खरवडायचा. एकदा तो गावाबाहेरच्या भूशिराच्या अगदी टोकाशी उतरला आणि वर येऊन म्हणाला, खाली दगडाची कमान आहे, चर्चच्या दरवाजाएवढी, आणि ती पांढऱ्या समुद्रफुलांनी नुसती मढलेली आहे. आदल्या रात्री त्याने वाइन घेतली होती, एवढंच गावाने लक्षात ठेवलं.

त्या भूशिराला गावात ‘नाक’ म्हणत. ते थेट महासागरात घुसलेलं. दूर दक्षिणेत वादळ झालं की इथे वारा नसतानाही लाटा येऊन नाकावर फुटायच्या. एलेउतेरियोनंतर तिथे कुणी उतरलं नव्हतं.

त्याची थोरली मुलगी एदुविना पर्यटकांना हवेच्या टाक्या बांधून पाण्याखाली न्यायची, पण भूशिराच्या आडोशाच्या बाजूला. टोकाकडे तिने कितीतरी वेळा बोट नेली होती आणि दर वेळी पाण्याचा रंग बघून वळवली होती. धाकट्या बहिणीचा नवरा व्लादिमिर तिला यावरून छळायचा.

“ताई, तुझ्या बोटीला पुढचा गिअर आहे की नाही?”

“आहे. पण मी मागचा आधी तपासते.”

मनातून मात्र तिला ते लागायचं. बाबांचे गुडघे आता गेले होते. ते खिडकीत बसून असायचे, आणि कमानीबद्दल बोलणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

त्या शरद ऋतूत समुद्र सलग काही दिवस निपचित पडला. एदुविना पहाटे नाकाच्या कड्यावर जाऊन बसली आणि चहाचा थर्मास रिकामा होईपर्यंत नुसती पाहत राहिली. मोठ्या लाटा टोळीने येतात. मधे एवढी शांतता जाते की नवखा माणूस हमखास फसतो. टोळी आली तीही मवाळ निघाली. मग ती खाली उतरली आणि तिने व्लादिमिरला उठवलं. एकट्याने उतरायचं नाही हा तिचा नियम होता, आणि तोंडाळ असला तरी पाण्यात तो भरवशाचा होता.

बोट सांभाळायला नोल्बेर्तोकाका होते. इंजिन बंद करायचं नाही आणि खडकाच्या जवळ यायचं नाही, असं तिने त्यांना बजावलं. मग ती व्लादिमिरकडे वळली.

“खडकाला धरून वर यायचं नाही. काही बिनसलं तर बाहेर, खोल पाण्याकडे. टाकीत अर्धी हवा उरली की परत फिरायचं, कमान दिसो न दिसो.”

त्याने थट्टा केली नाही. एकमेकांच्या टाक्या, पट्टे, नळ्या तपासून दोघं बोटीच्या काठावरून पाठमोरी पाण्यात पडली आणि गार पाण्याने दोघांची तोंडं झिणझिणली.

खाली समुद्री वेलींचं रान लाटेबरोबर संथ डोलत होतं. एदुविना कड्यापासून अंतर राखून, तळाशी उतरत पुढे सरकत होती. उथळात पाणी ओढतं, आपटतं. खाली त्याचा जोर मरतो. कडा वळला तशी तीही वळली, आणि समोर पांढरं काहीतरी दिसलं. आधी तिला वाटलं वाळू असेल. पण वाळू उभी कशी राहील?

ती कमान होती. बाबांनी सांगितली होती त्याहून मोठी. दोन्ही खांबांवर, माथ्यावर, आतल्या कडांवर पांढरी समुद्रफुलं दाटीवाटीने उमललेली, आणि मधून रावसासारख्या रुपेरी माशांचा थवा निवांत जात होता. एदुविनाच्या मास्कमध्ये पाणी जमलं, ते समुद्राचं नव्हतं. व्लादिमिरने दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. दोघं कमानीतून आत गेली. तिने वर पाहिलं, आणि पाहतच राहिली.

बाहेर येताना तिला छातीवर ओढ जाणवली. वेली आता डोलत नव्हत्या, जमिनीसपाट आडव्या होत होत्या. दुरून कुठूनतरी नवी, जाडजूड लाट आली होती. व्लादिमिरने कड्यालगतच्या उथळ खिंडीकडे बोट दाखवलं. तिथून आडोशाची बाजू अगदी हाकेवर होती. एदुविनाने हातांची फुली केली आणि उलट दिशेला, मोकळ्या निळ्या पाण्याकडे बोट दाखवलं. तो क्षणभर अडला, मग तिच्या शेजारी आला.

खडक मागे धूसर झाला, दिसेनासा झाला. आता वर, खाली, चहूकडे फक्त निळं. एदुविनाने नारिंगी बोयात हवा भरून तो वर सोडला, दोरी ताणली गेली, आणि दोघं तिला धरून, श्वास सावकाश सोडत, ठरलेल्या खोलीवर थांबत वर आली. डोकं पाण्याबाहेर काढलं तर नोल्बेर्तोकाकांची बोट बोयाच्या दिशेने येतच होती. ती खिंड आता फेसाने पांढरीफटक उकळत होती, आणि आवाज तोफेसारखा येत होता.

व्लादिमिरने बोटीवर चढल्यावर तिकडे बराच वेळ पाहिलं.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “मी त्यातून जाणार होतो.”

“नाही गेलास,” ती म्हणाली आणि त्याच्या अंगावर टॉवेल फेकला.

घरी बाबा खिडकीत होते. ओल्या केसांनीच ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, कमान आहे. लेक आपलं मन राखतेय अशा नजरेने बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही आत गेलात तेव्हा वर पाहिलं होतंत?” तिने विचारलं. “छताला भोक आहे. त्यातून उजेडाचा खांब सरळ तळापर्यंत उतरतो.”

बाबा खुर्चीत पुढे सरकले.

“ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “कमानीवरच हसले, उजेडाला काय म्हणाले असते?”

मग त्यांनी काठी मागितली, आणि चांगला कोट. ती त्यांना धरून धक्क्यावर घेऊन गेली तेव्हा तिथे हातातली जाळी तशीच सोडून अख्खा मासळीबाजार गोळा झाला होता आणि व्लादिमिर एका खोक्यावर उभा राहून दोन्ही हात वर करून कमानीची उंची सांगत होता. बाबांनी गर्दीतून वाट काढली, त्याचे हात काठीने आणखी वर ढकलले आणि स्वतःच सांगायला सुरुवात केली. या वेळी कुणी हसलं नाही. एदुविनाला सडकून भूक लागली होती. तिने कुणाच्या तरी ताटातली माशाचं सारण भरलेली गरम एम्पनादा उचलली आणि उभ्या उभ्या खाऊ लागली.