खिंडीतली लोकरवाली

किटलीचं झाकण खडखडलं आणि ओपल जागी झाली. ब्रिननं कपाळावर हात मारला. पाच वर्षांची लेक उठायच्या आत निसटायचा तिचा बेत होता.

"मी पण वाचवायला येणार," ओपल डोळे चोळत म्हणाली.

गावाचा आज तण काढायचा दिवस. दर ऑगस्टमध्ये अख्खं गाव कुदळी घेऊन डोंगर चढायचं आणि बाहेरून येऊन माजलेली थिसल नावाची काटेरी वनस्पती उपटायचं. ज्याची पोती जास्त, त्याला केक. गेल्या वर्षी तो ब्रिननंच जिंकला, मिटक्या मारत खाल्लाही. मग हिवाळ्यात, लेक झोपल्यावर पुस्तकं चाळताना, तिला आपली चूक कळली. तिनं उपटलेली थिसल बाहेरची नव्हती. इथलीच होती, झाडं संपतात त्याच्याही वर, बोचऱ्या वाऱ्यात राहणारी. आता खिंडीत तिचा एकच ताटवा उरला होता आणि गावातला म्हातारा डेलबर्ट आज तिथंच तणनाशक फवारणार होता.

मायलेकी धापा टाकत पोचल्या, तेव्हा म्हातारा पाठीवरच्या टाकीत हवा भरत होता.

"काय गं केकवाली, यंदाही नंबर काढायचाय?"

"डेलबर्ट, थांबा. ही आपली आहे."

"टोचायला सगळ्या सारख्याच."

"मान बघा कशी खाली घातलीय. आणि अंगभर ही लोकर, कोळ्यानं विणल्यासारखी. रस्त्यालगतच्या थिसलला असते का अशी?"

"लोकर तर माझ्या कानातही उगवलीय."

"मग तुम्हीही इथलेच."

तो खुसखुसला, पण नळी काही खाली गेली नाही. "चाळीस वर्षं हेच करतोय. हिची मुळं आडवी पळतात. एक उपटा, दहा उगवतात."

"मग बघा ना उकरून. जपून मात्र."

त्यानं चाकूनं बुंध्याशी माती बाजूला सारली. मूळ गाजरासारखं सरळ खाली गेलं होतं.

"इथं कुणीतरी झोपलंय," पालथी पडलेली ओपल कुजबुजली.

कुरकुरत त्यानं गुडघे टेकले. झुकलेल्या फुलाच्या पोटाशी, लोकरीत, एक गुबगुबीत भुंगा थंडीनं गारठून बसला होता. म्हाताऱ्यानं टाकी उतरवली, गळ्यातला लाल रुमाल काठीला बांधला आणि काठी ताटव्यापाशी रोवली.

तेवढ्यात गाव पोती घेऊन वर आलं.

"इकडं पाय टाकलात तर फवारीन," डेलबर्ट ओरडला. "तुमच्यावर."

हसत-खिदळत सगळे रस्त्यालगतच्या तणाकडे वळले. ब्रिन गवतात फतकल मारून बसली आणि वेड्यासारखी हसत सुटली. मग लेकीला कुशीत घेऊन सांगू लागली, "ही कितीतरी वर्षं नुसती पानं पसरून जमिनीला चिकटून असते. एकदाच फुलते. मग संपते."

ओपलनं फुलाकडे पाहिलं.

"आई, मग हेच आपलं वर्ष, हे तिला कसं कळतं?"