माशीखालची खोटी चिठ्ठी

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा कागदाचा जुना तुकडा आहे मी. माझ्यामधून एक सुई गेली आहे आणि त्याच सुईवर, माझ्या डोक्याशी, एक वाळलेली माशी आहे. तिचे डोळे चेहऱ्यावर नाहीत; दोन्ही बाजूंना निघालेल्या बारीक देठांच्या टोकांवर आहेत. पेटी उघडणारा आधी तिला पाहून हसतो, मग वाकून मला वाचतो. माशी मुकी. ती कुठली, हे तिच्या वतीनं मी सांगायचं असतं. ते मी खोटं सांगितलं.

माझा जन्म १९५९ सालचा, भिलाईतला. पोलाद कारखाना उभा राहत होता. शामसुंदर मास्तर तिथल्या एका नव्या शाळेत विज्ञान शिकवत. या माश्यांचं त्यांना वेड होतं. वहीच्या कोऱ्या पानातून त्यांनी माझ्यासारख्या चिठ्ठ्या कापून देवाजीला दिल्या. देवाजी गोंदियाकडचा शेतकरी, आता सर्वेच्या टोळीत जमीन मोजायची साखळी धरणारा. दिवसभर नाले तुडवायचा. माशी धरली की तिथंच उभं राहून ठिकाण, तारीख, नाव लिहायचं, असं मास्तरांनी त्याला बजावलं होतं.

श्रावणात देवाजी भाताच्या रोवणीसाठी आपल्या गावी, बोरटोल्याला गेला. तिथल्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठी ओल्या गवतावर त्याला ही माशी दिसली. काचेची नळी खिशात होती, तिच्यात त्यानं ती धरली; पण चिठ्ठ्या भिलाईला राहिल्या होत्या. चार दिवसांनी सेक्टर ६ मधल्या क्वार्टरात परतल्यावर तो मला लिहायला बसला. त्या वर्षी त्यानं गेटपास, रेशनकार्ड, दवाखान्याचं कार्ड असे किती कागद भरले होते! ठिकाण विचारलं की क्वार्टरचा नंबर लिहायचा, हे हातात बसलं होतं. पक्कं घर आयुष्यात पहिल्यांदाच मिळालेलं. तो नंबर लिहिताना त्याला बरंही वाटायचं. माझ्यावर तारीख खरी आली, नाव खरं आलं, आणि ठिकाणापुढे आला क्वार्टरचा नंबर.

मास्तरांनी भिंग लावलं. देठांवर डोळे असलेल्या माश्या इतर कुळांतही असतात, पण त्यांच्या मिशा, म्हणजे स्पर्शिका, कपाळावरच राहतात. हिच्या मिशाही डोळ्यांसोबत देठांवर गेल्या होत्या. म्हणजे ही अस्सल देठडोळ्या माश्यांच्या कुळातली. त्यांनी कलकत्त्याच्या एका अभ्यासकांना कळवलं. उत्तर आलं की या कुळातल्या बहुतेक माश्या आफ्रिकेच्या आणि आशियाच्या उष्ण, दमट भागांत राहतात; भिलाईच्या या माळावरून त्यांच्याकडे एकही नोंद नव्हती. नेमकी जागा कोणती? मास्तरांनी नकाशात भिलाईवर लाल ठिपका दिला आणि देवाजीला जागा दाखवायला सांगितलं.

तेव्हा आपण चुकीचं ठिकाण लिहिलं, हे देवाजीच्या लक्षात आलं. पण मास्तर इतके खुशीत होते की त्याची जीभ उचलली नाही. त्यानं क्वार्टरांमागच्या नाल्याकडे बोट केलं. तोवर ती नुसती चूक होती. त्या क्षणापासून मी खोटी साक्षीदार झाले.

दोन पावसाळे मास्तर त्या नाल्यात उतरले. जाळी धरून देवाजीही काठावर सोबत असे. एकही माशी मिळाली नाही. शाळेतले लोक विचारत, "मास्तर, तुमची माशी बदली होऊन राऊरकेल्याच्या कारखान्यात गेली का?" मास्तर कसंनुसं हसत. तिसऱ्या वर्षी नाला मुरूम टाकून बुजवला गेला. मग मास्तरांनी लेख लिहिला, की ही माशी इथं होती आणि बांधकामानं संपली. कलकत्त्याला धाडण्याआधी त्यांनी तो देवाजीच्या घरी येऊन वाचून दाखवला. त्यात देवाजीचं नाव मानानं घातलं होतं.

त्या दिवशी देवाजी जेवला नाही. त्याची बायको गयाबाई म्हणाली, "कावून जेवून नाही राहिले?" त्यानं सगळं सांगितलं.

"मास्तर रागावतीन म्हणून भेता," ती म्हणाली, "अन् तुमच्या नावानं खोटं छापून आलं, तर वाचणाऱ्या लेकरायले कोण सांगन?"

रविवारी सकाळी देवाजी मास्तरांच्या दारात उभा राहिला.

"गुरुजी, ते माशी इथची नाही. आमच्या बोडीवरची आहे. मी सवयीनं क्वार्टरचा नंबर लिहिला. अन् मंग बोट दाखवलं, ते जाणून दाखवलं."

मास्तर खाली बसले. "दोन वर्षं मी त्या चिखलात उतरून राहिलो, देवाजी. तुम्ही माझ्या चपला धरून काठावर उभे होते."

देवाजी मास्तरांच्या पेटीशी गेला. पेटी उघडून तो मला सुईवरून ओढू लागला. माझा एक कोपरा फाटला. मला तेच हवं होतं, मित्रांनो. पण मास्तरांनी त्याचा हात धरला.

"फाडू नका. चूक कशी झाली तेही दिसू द्या." त्यांनी एक कोरी चिठ्ठी कापून त्याच्यापुढे ठेवली. "आता खरं लिहा."

देवाजीनं बोरटोल्याची बोडी लिहिली. ती चिठ्ठी माझ्या खाली टोचली गेली. लेख मास्तरांनी स्वतः फाडला. लाल ठिपका ब्लेडनं खरवडताना नकाशाला भोक पडलं. पुढं मास्तर देवाजीशी बोलत, पण पूर्वीसारखं मोकळं नाही.

मी अजून तिथंच आहे, खऱ्या चिठ्ठीच्या वर. म्हणून एक विनंती करते. फूल, दगड, किडा, काहीही गोळा कराल, तर ते कुठलं हे तिथंच उभं राहून लिहा. आणि कधी आमची पेटी उघडलीत, तर माझ्यापाशी थांबू नका. मला थोडं बाजूला करून खालची चिठ्ठी वाचा.