बोल्ट क्रमांक अकरा आणि बारा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुलगी निघाली. निरीक्षकांनी वेळ वहीत लिहिली, किलोमीटरचा आकडा लिहिला आणि मागच्या खोलीचं शटर अर्धं ओढून घेतलं. बायको दारापर्यंत आली नव्हती. गेले अकरा दिवस ती मुलीशी कामापुरतं बोलत होती, आणि कामंही तिनंच कमी करत आणली होती.

मुलगी नोकरीवर रुजू व्हायला चालली होती. खिंडीपलीकडे सहा ठिकाणी पाऊस मोजायची यंत्रं होती. ती आठवड्यातून दोनदा वाचायची आणि आकडे पाठवायचे. तिथं बस जात नाही, जीप अर्ध्या वाटेवर सोडते. म्हणून ही दोनशे सीसीची, उंच, सडपातळ, खडकाळ वाटांसाठी बनवलेली मोटरसायकल. बायको तिला शेळी म्हणायची. "पोरगी शेळीवर बसून डोंगरात चाललीय आणि बाप शेळीला शिंगं बसवून देतोय."

शिंगं म्हणजे हँडल. उभं राहून चालवताना पाठ वाकू नये म्हणून निरीक्षकांनी ते तीन सेंटिमीटर वर घेतलं होतं. इंजिनाखाली ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लावला होता. मागच्या दोन पेट्यांसाठी लोखंडी पट्ट्यांची चौकट घरीच केली होती आणि तिला सगळीकडे एकाच मापाचे बोल्ट वापरले होते, ब्रेकला असतात तेच. मुलगी या हट्टाला हसायची. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून सीटचा फोम दोन इंच कापला. सीटचं आवरण मात्र बायकोनं शिवलं, एक अक्षर न बोलता, मरून दोऱ्याची दुहेरी शिलाई घालून. मागच्या खोलीत एका भिंतीला निरीक्षकांचं कामाचं टेबल होतं आणि समोरच्या भिंतीला तिचं शिलाई मशीन. रुसून बसायला तिला वेगळी खोली नव्हती.

निरीक्षक म्हणजे वजनमापांचे निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू तपासले आणि तपासून झाल्यावर शिशाचा शिक्का मारला. निवृत्त झाल्यावर शिक्का सुटला, सवय सुटली नाही. गाडीचे त्रेचाळीस महत्त्वाचे बोल्ट त्यांनी वहीत क्रमांक देऊन लिहिले होते. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्यानं आवळायचा, म्हणजे ठरलेला जोर पोचला की टक् वाजणाऱ्या पान्यानं. मग बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर पिवळ्या रंगाची बारीक रेष ओढायची. बोल्ट फिरला तर रेष तुटलेली दिसते. त्यानंतर वहीत बरोबरची खूण. "रेष आहे म्हणजे मी आहे," ते मुलीला सांगत. "तिथं शंका काढायची नाही. डोकं दुसरीकडे चालव."

सात वाजून वीस मिनिटांनी बायकोनं चहा आणून ठेवला.

"पुढच्या चाकाचे ते दोन आवळले ना सकाळी?"

"कुठले दोन?"

"ब्रेकचे हो. काल तुम्ही डोळा धुवायला पळालात, तेव्हा त्या दोघांवर रेष नव्हती. विसराल म्हणून मी खूण करून ठेवली. दिसली नाही?"

निरीक्षकांनी कपाकडे नेलेला हात मागे घेतला.

"कशानं केलीस खूण?"

"तुमच्याच रंगानं. बाटली उघडीच होती. इथलं राहिलंय, एवढंच."

तिच्या कामात खूण आधी होते. खडूनं रेघ मारायची, मग शिलाई. शिवून झालं की खडू झटकून टाकायचा. रेघ दिसतेय म्हणजे काम बाकी आहे. निरीक्षकांच्या कामात आधी तपासणी आणि मग शिक्का. अडतीस वर्षांच्या संसारात, त्यातली सात एका खोलीत समोरासमोर काम करून, हे दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी झालं होतं ते असं. हँडल उंच केल्यामुळे ब्रेकची नळी लांब घालावी लागली. नळीतली हवा काढायला निरीक्षकांनी कॅलिपर सोडवून वर धरला. कॅलिपर म्हणजे चाकावरच्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटणारा भाग. हवा निघाल्यावर तो जागेवर बसवून दोन बोल्ट हातानं फिरवून घातले, क्रमांक अकरा आणि बारा. पाना उचलणार तोच नळी पुसताना ब्रेकच्या तेलाचा थेंब उजव्या डोळ्यात उडाला. डोळा धुतला, तरी आग थांबेना. बायकोनं ओला रुमाल देऊन आडवं व्हायला लावलं. सकाळी साडेपाचला उरलेलं करायचं ठरलं.

साडेपाचला एक डोळा लाल होता. त्यांनी चाकापाशी बसून बघितलं. वरच्या बोल्टवर रेष होती. खालच्यावरही होती, वाकून बघितल्यावर दिसली. त्यांच्या स्वतःच्या रेषांपेक्षा सरळ. म्हणजे काल आवळले होते तर, असं त्यांनी ठरवलं आणि वहीत अकरा आणि बारापुढे बरोबरची खूण केली. न तोलता शिक्का मारला म्हणून एका सहकाऱ्याची लेखी तक्रार त्यांनी एकेकाळी केली होती. तो माणूस पुन्हा त्यांच्याशी बोलला नाही.

"ते हातानंच घातलेत," निरीक्षक म्हणाले. "पाना लागलेलाच नाही त्यांना."

"मग? सुटतील?"

ते फोन लावत होते. रिंग वाजत राहिली. मुलगी गाडी चालवताना फोन घेत नसे. तो नियम त्यांनीच घालून दिला होता. चौथ्यांदा, पाचव्यांदा लावला. संदेश टाकला: थांब, पुढचा ब्रेक वापरू नकोस. संदेशापुढे एक टिक आली, दुसरी आली, निळी होईना.

"म्हणजे काय होईल ते नीट सांगा," बायको म्हणाली.

"ब्रेक लागणार नाही."

"एवढंच?"

त्यांनी पुन्हा मुलीचा नंबर लावला.

"अहो, खरं बोला. मी काय दुकानदार आहे?"

"एक बोल्ट पडला तर कॅलिपर दुसऱ्यावर फिरेल. आऱ्यांत जाईल. चाक जागीच अडकेल."

खिंडीपलीकडे बावीस वळणांचा उतार होता. पहिल्या वळणावर ब्रेक लावावाच लागतो. खिंडीच्या तोंडापर्यंत अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. त्याआधी सहा किलोमीटरवर शेवटचा पेट्रोल पंप, आणि टाकी लहान म्हणून मुलगी तिथं थांबणारच. निरीक्षकांनी हिशेब केला. पंपावर ती साडेसात ते पावणेआठच्या दरम्यान पोचेल. घड्याळात सात एकोणतीस झाले होते.

पंपाचा नंबर हवा होता. गेल्या महिन्यात चाचणीसाठी बापलेक तिथपर्यंत जाऊन आले होते, आणि निरीक्षक प्रत्येक पावती वहीत चिकटवत. पावती होती. नंबराचा शेवटचा आकडा डिंकाखाली गेला होता. तीन असेल किंवा आठ. तीन लावला तर एका झोपलेल्या माणसानं शिवी हासडली. आठ लावला तर व्यस्त लागला. पुन्हा व्यस्त. सात एक्केचाळीसला एका बाईनं उचलला.

"पंप. बोला."

"एक मोटरसायकल येईल. उंच, हिरवी, मागे दोन पेट्या. मुलगी चालवतेय. तिला थांबवून ठेवा."

"काका, पोरगी घरातून पळालीय का? आम्ही त्या भानगडीत पडत नाही हं. मागे एकदा पडलो, दोन्हीकडून बोलणी खाल्ली."

"पळालेली नाही, नोकरीला चाललीय. तिच्या गाडीचा ब्रेक सुटा आहे."

"हिरवी? सीटला मरून शिलाई?"

"हो! तीच!"

"ती गेली की. ही आत्ता गेली. मी म्हटलं सीट किती छान शिवलंय, तर म्हणाली, आईनं शिवलंय."

फोन स्पीकरवर होता. बायकोनं मशीनच्या कडेला हात टेकला.

"आणि काका, थांबताना टकटक वाजत होतं पुढं. मीच सांगितलं तिला. तिनं उतरून बघितलं. म्हणाली, रेष सरळ आहे, म्हणजे ठीक आहे."

वरच्या बोल्टची रेष उभ्यानं दिसते. खालच्यासाठी वाकावं लागतं.

"मागे कुणाला पाठवता येईल का? कुणीही असो. गाडी असेल त्याला."

"इथं मी एकटी आहे, काका, आणि एक टँकर. थांबा." फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. तिची हाक, कुणाचं तरी लांबचं उत्तर. "इंजिन उघडून बसलाय. अर्धा तास म्हणतो."

अर्ध्या तासाचा काही उपयोग नव्हता. सहा किलोमीटर म्हणजे आठ मिनिटं. निरीक्षकांनी मुलीला पुन्हा फोन लावला, मग पुन्हा. तेराव्यांदा लावल्यावर ते टेबलापाशी खाली बसले. टेबलावर टॉर्क पाना कालच्यासारखाच पडला होता, बावीसवर लावलेला. तो वापरून झाल्यावर शून्यावर आणायचा असतो. तो बावीसवर होता, हेच सकाळी त्यांना सांगत होतं की काम झालेलं नाही. ते त्यांनी बघितलं होतं. बघून रेषेवर विश्वास ठेवला होता.

"मी हात नको लावायला होता," बायको म्हणाली. "अकरा दिवस लावला नाही, आणखी एक दिवस काय झालं असतं."

"तू राहिलेलं दाखवलंस. मी बघितलं नाही."

"ते आता कुणाला सांगताय?"

सात चोपन्न झाले. पंचावन्न झाले. खिंडीच्या तोंडाशी थांबून ब्रेकच्या दोन्ही चकत्या तापल्यात का ते हात लावून बघायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. पण थंडी असली, उशीर झाला असला, की ती ते टाळायची. आज तिला अकराच्या आत कार्यालयात पोचायचं होतं.

सात अठ्ठावन्नला फोन वाजला.

"बाबा, तेरा मिस्ड कॉल! घराला आग लागलीय का?"

"कुठे आहेस?"

"खिंडीपाशी. ती टकटक वाढली म्हणून थांबले. बाबा, खालचा बोल्ट नाहीये."

निरीक्षकांचा फोन धरलेला हात खाली आला. बायकोनं फोन त्यांच्या हातातून घेऊन त्यांच्याच तोंडापुढे धरला.

"वरचा?" त्यांनी विचारलं.

"वरचा आहे, पण बोटानं फिरतोय. रेष तिरकी झालीय. मघाशी सरळ होती, शपथ. हे आवळलं नव्हतं का?"

"नव्हतं. माझ्याकडून राहिलं."

"रेष होती तिथं."

"होती."

पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. मग ती हळू बोलली, "मग बाकीच्या एकेचाळीसांचं काय, बाबा?"

याला त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते दिलं तर बायकोचं नाव घ्यावं लागलं असतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिनं फोन स्वतःकडे वळवला.

"ती रेष मी मारली," ती म्हणाली. "काम राहिलंय म्हणून खूण केली होती. यांना वाटलं झालंय."

"आई? तू गाडीला हात लावलास?"

"लावला. लावायला नको होता."

"किती बोल्टांना?"

"समोरच्या दोघांना, नक्की. मागे एक पुसट होती, ती गिरवली." ती थांबली. "पुसट होती की नव्हतीच, आता सांगता येत नाही. चाकाजवळची होती. का साखळीजवळची."

मुलीला ओरडायचं असतं तर हीच वेळ होती.

"आधी बोल्ट," निरीक्षक म्हणाले. "डाव्या पेटीच्या चौकटीतला मागचा खालचा काढ. तेच माप आहे. पेटी तीन बोल्टांवर राहील."

"तुमचं ते एकच माप!"

"हातानं शेवटपर्यंत फिरव. तिरका जायला लागला तर जोर लावू नको, बाहेर काढून पुन्हा घाल. मग पाना. घट्ट बसला की आणखी पाव फेरा, त्याच्यापुढे नाही. मग वरचा."

नऊ मिनिटं लागली. तेवढा वेळ फोनमधून धातूवर धातू आपटल्याचे आवाज आले आणि एकदा तिचं दात आवळून "चल ना गं" म्हणणं. मग तिनं गाडी चार पावलं ढकलून ब्रेक दाबला. टकटक नव्हती.

"परत ये," आई म्हणाली.

"आई, परत यायलाही हीच गाडी आहे. बाबा, वही काढा. एकपासून."

निरीक्षकांनी वही उघडली, पण एक डोळा पाण्यानं भरला होता आणि दुसऱ्यासमोर अक्षरं स्थिर राहत नव्हती. बायकोनं वही ओढून घेतली आणि वाचायला सुरुवात केली. एक, हँडलचा उजवा. दोन, हँडलचा डावा. प्रत्येक वेळी मुलगी पाना लावून बघायची आणि सांगायची, हलत नाही. सतराव्याला आई अडखळली.

"सप्रो... हे काय लिहिलंय? यांचं अक्षर म्हणजे झालंच."

"स्प्रॉकेट, आई. साखळीचं दातेरी चाक."

"मग दातेरी चाक लिहायचं. बघ."

"हलत नाही."

"साखळीजवळची हीच असेल. नीट बघ."

"दोनदा बघितलं. पुढचा."

चाळिसाव्या क्रमांकावर आवाज तुटायला लागला. एकेचाळीस ऐकू आला. बेचाळीस तिनं पुन्हा विचारला. त्रेचाळीस म्हणजे मागच्या चाकाच्या आसाचा नट, आणि तो आईनं तीनदा वाचला, शेवटी ओरडून. पलीकडून "हल" एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

"हलतो म्हणाली की हलत नाही?" बायकोनं विचारलं.

"कळलं नाही."

पुन्हा फोन लावला तेव्हा संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं सांगणारा आवाज आला. उतार संपून पुढचं गाव येईपर्यंत नेटवर्क नव्हतं. दोन तास, सावकाश गेली तर अडीच. आठ चाळीस झाले होते.

बायको मशीनवर बसली. एका ब्लाउजची बाही लावायची होती. तिनं ती लावली, उसवली, पुन्हा लावली. निरीक्षक पंपाला एकदा फोन करून आले. टँकरवाल्याचं इंजिन सुरू झालं होतं, पण तो उलट दिशेला गेला होता. "काका, मी रस्त्यावर लक्ष ठेवते," पंपावरची बाई म्हणाली, आणि मग, दोघांनाही त्याचा उपयोग नाही हे माहीत असताना, "जेवून घ्या."

साडेदहा झाले. अकरा झाले. कुणी जेवलं नाही.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी संदेश आला. "उतरले. त्रेचाळीस हलत नव्हता. उशीर झाला, साहेब ओरडले." खाली एक फोटो होता: पुढचं चाक, कॅलिपर, दोन बोल्ट. जुन्या रेषा तिनं पुसून टाकल्या होत्या.

बायकोनं फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला आणि फोन परत दिला. मग ती उठून त्यांच्या टेबलापाशी आली, पिवळ्या रंगाची बाटली उचलली, झाकण घट्ट लावलं आणि होती तिथंच ठेवली.

निरीक्षकांनी टॉर्क पाना शून्यावर आणला. वहीत अकरा आणि बारापुढच्या सकाळच्या खुणा एका आडव्या रेघेनं खोडल्या आणि शेजारी तारीख घातली. नव्या खुणेसाठी रकाना उरला होता. तो त्यांनी कोरा ठेवला. ते बोल्ट त्यांनी आवळले नव्हते.