सात नंबरचा केक

नोएलीन हॉस्किंगने गावाला सांगितलं होतं की ती क्रूझवर चालली आहे. चार महिन्यांनी पुन्हा निघाली तेव्हा सांगितलं, पर्थला बहिणीकडे जाते. दोन्ही थापा गावाने सुखाने गिळल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची विधवा बाई बँकॉकला जाऊन तोंडभर नवे दात बसवून येईल, हे टल्लीवारात कुणाच्या स्वप्नातही येण्यासारखं नव्हतं. मुळात तिचे जुने दात खोटे होते हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ते खोटे कसे झाले, ती गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तर सालची. लग्नाला सहा आठवडे उरले असताना वडिलांनी तिला मोटारीत घालून दाताच्या डॉक्टरकडे नेलं आणि वरचे-खालचे सगळे दात काढून घेतले. किडलेले दोन होते, बाकीचे धडधाकट. गव्हाच्या त्या मुलखात तेव्हा अशी रीतच होती. मुलगी सासरी गेल्यावर तिच्या दातांचा खर्च नवऱ्याच्या गळ्यात पडायला नको, म्हणून बापाने लग्नाची भेट म्हणून कवळी करून द्यायची. वडिलांनी बिल भरलं, आईने केक केला, शेजाऱ्यांनी कौतुक केलं. नोएलीनला लाज वाटायला लागली ती फार नंतर, तरुण पोरी असल्या गोष्टी ऐकून खिदळायला लागल्या तेव्हा. आपण एकोणीस वर्षांच्या घोडीने खुर्चीत बसून गुमान तोंड उघडलं, याची लाज. तेव्हापासून ती ओठ मिटून हसायला शिकली आणि गाव म्हणायला लागलं, नोएलीन हॉस्किंग जरा आढ्यताखोर आहे.

नवरा क्लॅरी हे गुपित घेऊन तीन वर्षांपूर्वी गेला. गेल्या वर्षी तापात खोकताना नोएलीनची खालची कवळी बेसिनमध्ये पडली, ती नेमकी मुलीच्या, जिलियनच्या समोर. जिलियन मेलबर्नची, कामाला वाघ. आठ दिवसांत तिने सगळी चौकशी केली. मेलबर्नमध्ये दोन्ही जबड्यांत स्क्रू ठोकून पक्के दात बसवायचे एकसष्ट हजार डॉलर. बँकॉकमध्ये चोवीस.

"आई, तिकिटं धरूनसुद्धा अर्ध्यात काम होतंय," ती म्हणाली.

धरलं नव्हतं ते वेगळंच होतं. पंचावन्न वर्षं कवळी वागवून वरच्या जबड्याचं हाड झिजून पापड झालं होतं, म्हणून थेट गालाच्या हाडात जाणारे लांब स्क्रू लागले. हाड धरेपर्यंत चार महिने कवळीसारखेच तात्पुरते दात आणि मऊ जेवण, मग पक्क्या दातांसाठी दुसरी खेप. दोन्ही खेपांना दोघींचं विमानभाडं, सतरा रात्रींचं हॉटेल. आकडा सदतीस हजारांवर जाऊन थांबला. क्लॅरीने निवृत्तीनंतर देश फिरायला म्हणून घेतलेली कॅरॅव्हॅन विकली, तेव्हा कुठे जमलं. गावाला सांगितलं, आता एकटीला काय करायचीय ती.

शेवटच्या दिवशी बँकॉकच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा धरला आणि हसून म्हणाल्या, "आजी, कवळीने तुमचा टाळू झाकला होता. आता मोकळा झाला. आता खरी चव कळेल बघा."

नोएलीनला जरा रागच आला. चव तिला कळत नव्हती की काय? टल्लीवाराच्या वार्षिक शेतकी प्रदर्शनात केकची परीक्षक होती ती, एकवीस वर्षं! बाहेरचा परीक्षक बोलवायचा तर पेट्रोलचे पैसे द्यावे लागतात, म्हणून कमिटीने तिला धरली होती, ही गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर डब्यात ठेवलेला स्वतःचा केक तिने कापला. एक घास घेतला आणि थुंकला. गोड तर इतका की कानशिलं दुखावीत, त्यात सुंठ आणि लवंगेचा मारा. बिघडला असेल म्हणून तिने तो कोंबड्यांना टाकला. यापेक्षा जास्त विचार तिने केला नाही, कारण करायचा नव्हता.

तीन आठवड्यांनी प्रदर्शन आलं. पत्र्याच्या हॉलमध्ये लांब टेबलावर आठ फ्रूट केक मांडलेले, प्रत्येकापुढे नुसता नंबर. मदतीला रॉबिन होती, शाळेतली शिक्षिका. ती पाण्याचा पेला आणि शेरे लिहायची कार्डं घेऊन मागे मागे चालत होती. नोएलीनने एक नंबर मधोमध कापला, वास घेतला, तुकडा जिभेवर ठेवला.

लवंग. दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखी लवंग.

दोन नंबरमध्ये सुंठ. तीनमध्ये दोन्ही, वर साखरेचा पाक. चार नंबर लॉर्ना फिचचा, हे नाव नसतानाही कडांवरून ओळखू यायचं. या केकला नोएलीनने चौदा वर्षं पहिल्या नंबराची निळी रिबीन लावली होती. आज तो घशाखाली उतरेना. ती घटाघट पाणी प्यायली.

"बरं वाटत नाहीये का मिसेस हॉस्किंग?" रॉबिनने विचारलं.

"वाटतंय."

वाटत नव्हतं. एकवीस वर्षं तिने कार्डांवर लिहिलं होतं, चव कमी, मसाला वाढवावा. आणि गावातल्या बायकांनी इमानेइतबारे वाढवला होता. हे केक तिच्या आंधळ्या जिभेच्या मापाने केलेले होते. तिला वाटलं, टेबलाखाली बसावं आणि टेबलक्लॉथ ओढून घ्यावा.

मग सात नंबर आला. दिसायला साधा, जरा काळपट. तिने तुकडा तोंडात टाकला आणि चावायचीच थांबली. मनुका मनुकेसारख्या लागत होत्या. लोण्याला लोण्याची चव होती. मागून संत्र्याची साल हळूच आली आणि गेली. लग्नाआधी, स्वतःच्या दातांनी खाल्लेलं काहीतरी तिला आठवलं, काय ते मात्र आठवेना. डोळे भरून आले. आठ नंबर नावापुरता चाखून तिने सातच्या कार्डावर पहिला नंबर लिहिला.

रॉबिनने यादी काढून नंबर जुळवला. "सात म्हणजे एल्वा! एल्वा रंडल!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "फार चांगलं केलंत. टेडसारखा नवरा गेल्यापासून बिचारी पार खचलीय. कुणीतरी काहीतरी द्यायलाच हवं होतं तिला."

नोएलीनने निळी रिबीन सात नंबरला लावली. त्या वेळी बोलली असती तर पुढचं थोडं सोपं झालं असतं. 

दुपारी ती चहाच्या टेबलापाशी उभी असताना एल्वा रंडल तरातरा आली. हातात निळी रिबीन. एल्वा सत्तरीची, सडपातळ, टेडच्या जुन्या स्वेटरमध्ये.

"ही घे तुझी रिबीन."

"अगं एल्वा—"

"अगं-बिगं नको. एकवीस वर्षांत मला तिसरा नंबर दोनदा दिलास, तोही तीनच केक होते तेव्हा. आणि आता एकदम पहिला? सकाळपासून चौघी जणी येऊन माझा दंड चोळून गेल्यात. 'बरं झालं हो एल्वा.' मला मेलेल्या नवऱ्याच्या नावाने वर्गणी नकोय, नोएली. मे महिन्यापासून लोकांनी दुखवट्याचे म्हणून आणलेले कॅसरोल खाऊन खाऊन जीव विटलाय माझा."

"दया नाही गं. केक खरंच चांगला होता."

"आज बरा चांगला झाला! मसाला वाढव म्हणालीस, वाढवला. अजून वाढव म्हणालीस, अजून वाढवला. यंदा म्हटलं खड्ड्यात गेली ती कार्डं, हे शेवटचं वर्ष, आईचाच केक करू, जसाच्या तसा. तर तोच आवडला? कुणाला सांगतेस?"

नोएलीनने इकडेतिकडे पाहिलं. अंड्याच्या सँडविचपाशी दोन बायका कान टवकारून उभ्या होत्या. तिने एल्वाचा हात धरून तिला रजयांच्या स्टॉलमागे नेलं आणि सगळं सांगितलं. लग्नाची भेट, कवळी, झाकलेला टाळू, बँकॉक, कॅरॅव्हॅन. क्रूझ नव्हती, पर्थही नव्हतं. सांगताना तिचा चेहरा इतका तापला होता की नवे दातच तेवढे गार लागत होते.

"म्हणजे तुला चव कळतच नव्हती," एल्वा म्हणाली.

"अर्धी कळायची. मला वाटायचं पूर्ण कळते. आठवणीने चव घेत होते गं मी."

एल्वाने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. नोएलीनला वाटलं, आता ही हसेल. हसली असती तर बरं झालं असतं.

"तू परीक्षक झालीस त्या पहिल्या वर्षी केक माझा नव्हता," एल्वा म्हणाली. "आईचा होता. सत्त्याहत्तर वर्षांची होती. तुझं कार्ड वाचलं, घरी आली, केकचा डबा माळ्यावर टाकला. म्हणाली, हात गेला माझा. पुन्हा म्हणून केक केला नाही तिने. मग मी करायला लागले. तुझ्या कार्डांप्रमाणे."

"एल्वा, मला माहीत नव्हतं."

"थांब. शेवटी वृद्धाश्रमात होती ना, मला ओळखत नव्हती, कुणालाच नाही. मी केक घेऊन गेले, म्हटलं याने तरी ओळखेल. भरवला. तर म्हणाली, बाई, केक छान आहे, पण हा आमच्या घरचा नाही." एल्वाने रिबीन बोटाला गुंडाळली, सोडवली. "खरं बोलत होती म्हातारी. मीच म्हणत होते की तिचं डोकं गेलंय."

 नोएलीनला माफ कर म्हणणंसुद्धा फाजीलपणाचं वाटलं.

"हे मला एकटीला सांगून उपयोग नाही," एल्वा म्हणाली. "तिथे सांग. नाहीतर ही रिबीन मेलेल्या नवऱ्याची आहे, आईची नाही."

तीन वाजता बक्षीस समारंभ होता. कमिटीच्या अध्यक्षांनी माइक तिच्या हातात दिला. समोर दीडएकशे माणसं, सगळी ओळखीची. बरीचशी तिच्या समोर जन्मलेली. नोएलीनने नावं वाचली नाहीत.

"माझ्या तोंडातला एकही दात माझा नाही," ती म्हणाली. माइक कर्कश वाजला. "एकोणीस वर्षांची असल्यापासून नाही. मी क्रूझला गेले नव्हते. बँकॉकला जाऊन सदतीस हजारांचे दात बसवून आले. खाताना कळलं की एकवीस वर्षं मी तुमचे केक चव न कळता तपासले. ज्यांना नंबर दिले ते चुकीचे असतील, ज्यांना दिले नाहीत तेही. आजचा सात नंबर पहिला आहे. तो टेडसाठी दिलेला नाही. एल्वाच्या आईचा केक आहे तो, आणि तो तेव्हाही पहिलाच होता."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "सदतीस हजार!" असं एक पुरुषी आवाज म्हणाला. पुढच्या रांगेतली लॉर्ना फिच उठली, पर्स उचलली आणि चौदा वर्षांच्या निळ्या रिबिनी डोक्यात घेऊन ताठ मानेने हॉलबाहेर गेली. तिच्या खुर्चीचा आवाज नोएलीनला सगळ्यात जास्त लागला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी घाईघाईने मेंढ्यांची बक्षिसं सुरू केली.

ती पायऱ्या उतरली तेव्हा एल्वा खाली उभी होती. रिबीन स्वेटरला टाचलेली. तिने पर्समधून पाककृतींची जुनी वही काढली आणि तिच्यातून आईच्या केकचं पिवळं पडलेलं कार्ड काढून पुढे केलं. अक्षर नोएलीनचंच होतं, ऐटबाज, तिरपं. 'फिका. चव कमी. करणाऱ्याने मसाल्यात हात आखडता घेऊ नये.'

"दुरुस्त कर," एल्वा म्हणाली.

पेन्सिल रॉबिनकडून आणली. नोएलीनने ओळ खोडली, खाली लिहिलं, 'यात काहीही घालू नये. पहिला क्रमांक.' आणि खाली सही केली.

एल्वाने चष्मा लावून ते वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढून तिने नोएलीनकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "आता हे मी तिला कुठे वाचून दाखवू, सांग."

ती खरंच विचारत होती. उत्तरासाठी थांबलीसुद्धा. नोएलीन सदतीस हजारांचं तोंड उघडून क्षणभर उभी राहिली, आणि मग पंचावन्न वर्षांच्या सवयीने तिने ओठ मिटून घेतले.