काकींची लाकडी फूटपट्टी

मित्रांनो, तुमच्या वहीची कड एकदा बोटाने चाचपून बघा. सरळ आहे ना? वह्या कापणाऱ्या मशीनवर नजर ठेवणारा जुना कंट्रोलर तो मीच. एक पत्र्याची पेटी, आत हिरवा बोर्ड आणि दोन ओळींचा मिणमिणता पडदा. सगळे मला ठोकळा म्हणतात. म्हणोत बापडे, रूपाच्या नावाने शून्यच आहे मी!

माझी निवड झाली त्या दिवशी टेबलावर आम्ही दोघे होतो. दुसरा मोठ्या रंगीत पडद्याचा, माझ्या दसपट वेगवान. कारखान्याच्या थोरल्या मालकांची नजर त्याच्यावरून हटेना. पण इंजिनिअरबाईंनी आम्हा दोघांनाही तापवले, कागदाच्या धुळीत ठेवले, एकाच वेळी चार-चार कामे दिली आणि एवढेच पाहिले, की उत्तर द्यायला सगळ्यात जास्त उशीर कोणाला होतो. तो दुसरा एकदा अडखळला, मी एकदाही नाही.

मालक म्हणाले, "अहो बाई, सरासरी बघा की! हा किती चपळ आहे!"

"सरासरीने बोटं वाचत नाहीत, साहेब. एकदा जरी उशीर झाला, तरी पातं खाली येतंच."

माझी ऑपरेटिंग सिस्टीम इवलीशी. तिला ना चित्रे येतात, ना गाणी. पण ठरलेल्या वेळेत उत्तर म्हणजे उत्तर, मग आभाळ कोसळो! बाईंनी मला उचलले. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पात्यासमोर प्रकाशाची एक रेघ असे. तिच्यात काही आडवे आले की पाते तिथल्या तिथे थांबवायचे, हे माझे काम. मशीन चालवायच्या काकी. रोज सकाळी त्या माझ्यावर टिचकी मारायच्या, "काय ठोकळोबा, जागे आहात ना?" मग रिकामे पाते खाली सोडून त्या रेघेतून पात्याखाली लाकडी फूटपट्टी घालायच्या. मी पाते थांबवायचो आणि त्या हसून कामाला लागायच्या. चौदा वर्षांत त्या पट्टीला ओरखडा आला नाही.

पुढे धाकटे मालक आले. "याची चिप आता कोणी बनवत नाही. हा बिघडला तर काय करायचं?" ते खोटे नव्हते. बाईंनीही मान्य केले. त्यांनी मोठ्या पडद्याचा नवा कंट्रोलर आणला, हजार वेळा तपासला आणि त्याखाली चिठ्ठी चिकटवली, 'यावर दुसरे कोणतेही काम टाकू नये.' मग त्या दुसरीकडे नोकरीला गेल्या. मी गेलो समोरच्या काचेच्या कपाटात.

तिथून मला सगळे दिसायचे. वर्षभरात त्या चिठ्ठीवर फोन नंबरांची यादी चिकटली. धाकटे मालक म्हणाले, "एवढी ताकद आहे याच्यात, नुसता बसून काय करतो? वह्यांची मोजणी आणि रिपोर्टही यावरच घेऊ."

एका सकाळी खट्कन आवाज झाला. पट्टीचे दोन तुकडे!

 तुकडे घेऊन काकी धाकट्या मालकांकडे धावल्या. "साहेब, हा उशिरा थांबला."

"पट्टी नीट धरली नसेल. परत करून बघा." काकींनी उरलेल्या तुकड्याने दहा वेळा केले. दहाही वेळा पाते वेळेवर थांबले.

"बघा! उगाच घाबरता. शाळा उघडायला आठवडा राहिलाय. एवढं काम उरकू, मग बोलावतो बाईंना."

"दहादा थांबला हो. पण एकदा नाही थांबला," काकी पुटपुटल्या आणि मशीनवर गेल्या. मी कपाटात जीव तोडून ओरडत होतो. वीजच नाही, तर ऐकणार कोण?

दुपारी नव्या पडद्यावर रिपोर्टचे आकडे सरसर धावत होते. काकींनी अडकलेली कागदाची पट्टी काढायला हात घातला. पुढचे सांगवत नाही, मित्रांनो. उजव्या हाताची दोन बोटे गेली.

बाई आल्या. फोन नंबरांची यादी उचकटून त्यांनी खालची चिठ्ठी वाचली. "चिठ्ठी लिहून निघून गेले मी. यावर दुसरं काम टाकताच येणार नाही, असं करायला हवं होतं." धाकटे मालक भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी बिघडलो तर असावी म्हणून बाईंनी भंगारातल्या माझ्या एका भावाची चिप काढून जपून ठेवली आणि मला पुन्हा मशीनवर बसवले.

काकी आता टेबलावर वह्या मोजतात, डाव्या हाताने. पण मी परत लागलो त्या सकाळी त्या स्वतःच आल्या. पाते खाली सोडायला लावून त्यांनी रेघेत पट्टीचा उरलेला तुकडा धरला.  मी पाते थांबवले. त्या हसल्या नाहीत. माझ्यावर टिचकी मारली आणि हळूच म्हणाल्या, "तेव्हा कुठे होतास रे?"

मित्रांनो, ठरलेल्या वेळेत उत्तर देण्यासाठी माझा जन्म. पण काकींच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती कुठलेतरी मशीन येईल. दहा वेळा थांबले म्हणून फसू नका. पट्टी तुटली की मशीन बंद करा. वह्या उशिरा मिळाल्या तरी चालतील.